मध सापडला तर किती खावा?

शास्त्रभाग : १ शमुवेल १४:२४-४६, नीतिसूत्रे २५:१६, १ करिंथकरांस ६:१२



शौल राजाच्या कारकिर्दीतील एका लढाईच्या दिवसाची हकीकत आज आपल्यापुढे आहे. पलिष्टी लोक पळत सुटले होते आणि इस्राएलाचे सैन्य त्यांचा पाठलाग करीत होते. अशा ऐन धामधुमीत शौलाने सर्वांना शपथ घातली की, दिवस मावळण्यापूर्वी कोणी काही खाल्ले तर त्याच्यावर शाप येईल. पुढे सैन्य रानात शिरले, तो तेथे मध ओघळत होता. उपाशी माणसांच्या समोर मध, पण शपथेच्या धाकाने कोणी बोट लावीना. राजपुत्र योनाथान याने मात्र ती शपथ ऐकली नव्हती. त्याने हातातील काठीचे टोक पोळ्यात बुडवले, मध चाखला आणि त्याच्या डोळ्यांना तरतरी आली.

एका बाजूस आधीच घालून दिलेला कडक नियम, दुसऱ्या बाजूस वाटेत अवचित सापडलेला गोडवा. यांपैकी खरे कोणते? शौलाचे की योनाथानाचे? हा प्रश्न जुन्या करारात राहून गेलेला नाही. तो आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

सदलगा, निपाणी, चिकोडी या आपल्या सीमाभागात दिवसभर उसाच्या फडात, तंबाखूच्या वखारीत, शाळेत किंवा कचेरीत राबून माणसे संध्याकाळी घरी येतात. हातात मोबाईल असतोच. एखादा तरुण, कदाचित आपल्या रविवारच्या शाळेचा शिक्षकच, मनाशी ठरवतो की, मोबाईलवरील खेळ फक्त शनिवारी संध्याकाळी खेळावयाचा, तोही अर्धा तास. आणि हाती एक खेळ आहे तोवर दुसरा घ्यावयाचा नाही. ठरवून आठ दिवस होत नाहीत तोच बुधवारी रात्री मित्राचा निरोप येतो : नवा खेळ आला आहे, फुकट आहे, उघडून तरी बघ. आता त्याने काय करावे? नियम धरून बसावे, की मनाला वाटले तसे लगेच खेळून घ्यावे?

काहीजण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीला प्रवचन कशाला? पण प्रियांनो, माणसाचे मन मोठ्या परीक्षेत एकाएकी ढासळत नाही. अशाच लहान लहान बुधवारी ते घडते किंवा बिघडते. म्हणून शास्त्राच्या प्रकाशात हा प्रश्न नीट पाहू या.

१. शौलाची शपथ

शौलाच्या नियमात तीन दोष होते. तो घाईत केलेला होता. तो स्वतःच्या मोठेपणासाठी होता. लढाई परमेश्वराची होती, परंतु शौलाच्या तोंडी सूड होता तो स्वतःच्या शत्रूंचा. आणि तो त्याने स्वतःपुरता न ठेवता थकल्याभागल्या लोकांवर लादला. परिणाम काय झाला? योनाथानाने स्पष्ट म्हटले की, लोकांनी पोटभर खाल्ले असते तर विजय याहून मोठा झाला असता. पण याहून वाईट गोष्ट संध्याकाळी घडली. दिवसभराच्या भुकेने कासावीस झालेले लोक लुटीच्या गुराढोरांवर तुटून पडले आणि त्यांनी रक्तासकट मांस खाल्ले. रक्त खाऊ नये ही तर देवाची आज्ञा होती! माणसाने केलेला अवास्तव नियम पाळता पाळता लोकांच्या हातून देवाचा खरा नियम मोडला गेला.

आईबापांनो, हे आपल्यासाठी लिहिले आहे. रागाच्या भरात आपण गर्जना करतो : आजपासून या घरात मोबाईलला हात लावावयाचा नाही! दोन दिवस घर शांत असते. तिसऱ्या दिवशी मूल शेजारच्या घरी जाऊन, अंथरुणात पांघरूण ओढून, खोटे बोलून खेळते. आपला नियम तर मोडतोच. शिवाय खरेपणाची देवाची आज्ञाही मोडते, आणि मुलाला लबाडीची पहिली सवय आपल्याच शपथेमुळे लागते.

मंडळीच्या इतिहासातही असे घडले आहे. बेळगाव भागातील कित्येक मंडळ्या ज्या मेथडिस्ट परंपरेतील आहेत तिचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७४८ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवूड येथे मुलांची शाळा काढली. पहाटे चारला उठणे, प्रार्थना, अभ्यास, काम, असा तेथील क्रम होता. खेळाला अजिबात जागा नव्हती, सुट्टीचा दिवसही नव्हता. हेतू पवित्र होता, वेस्ली तर देवाचे थोर सेवक होते. पण पुढे काही दशकांनी त्या शाळेची अवस्था पाहून ते स्वतःच खंत करू लागले. नियमात खेळ नव्हता, तरी मुले खेळतच होती. देवाने मुलाच्या अंगात जे घातले आहे ते माणसाच्या नियमाने निघत नाही.

२. योनाथानाचा मध

म्हणून दुसरी गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करू या. अवचित मिळालेला आनंद हा पाप नव्हे. रानातील मध कोणी पेरला नव्हता, विकत आणला नव्हता. तो देवाच्या सृष्टीतून आला. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या भावी सुखाचे जे चित्र काढले आहे (जखऱ्या ८:५), त्यात रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी गजबजलेले आहेत. प्रभू येशूनेही बाजारात लग्नाचा आणि मर्तिकाचा खेळ मांडणाऱ्या मुलांकडे पाहिले होते. नाहीतर त्यांचा दाखला त्याच्या मुखात कसा आला असता? बेथानीच्या मरीयेने महागडे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा काटकसरीचा नियम पुढे करून तिला दोष देणारा यहूदा होता. प्रभूने तिची बाजू घेतली. ज्याच्या जीवनात अवचित असे काही घडतच नाही, त्याचा विश्वास वाळलेल्या उसासारखा असतो. चूड उभे, पण रस नाही.

पण योनाथानाने मध कसा खाल्ला, तेही पाहा. तो पोळ्याजवळ बसकण मारून बसला नाही. त्याने काठीचे टोक बुडवले, चाखला, आणि तो पुढे चालू लागला. लढाई त्याने सोडली नाही. मधाने त्याचे डोळे उजळले आणि उजळलेल्या डोळ्यांनी तो आपल्या कामावर परतला.

नीतिसूत्रांच्या कर्त्यानेही मधाविषयी लिहिले आहे. मध सापडला तर खाऊ नको, असे तो म्हणत नाही. आपल्याला पुरेल तेवढाच खावा, नाहीतर तोच गोडवा पोटात न राहता उलटून पडेल, असा त्याचा इशारा आहे. शौल म्हणतो, एक थेंबही नाही. हावरा म्हणतो, सारे पोळे माझे. देवाचे वचन मधोमध उभे राहून विचारते : तुला पुरेसे किती, हे तुला ठाऊक आहे काय?

तेव्हा कोणत्याही नव्या खेळाची एक सोपी कसोटी आहे. खेळून उठल्यावर डोळे उजळतात की मंदावतात? मन ताजे होऊन अभ्यासाला, कामाला, प्रार्थनेला लागते, की चिडचिडे होऊन पुन्हा त्याच पडद्याकडे धावते? जो खेळ आपल्याला कामाकडे परत पाठवतो तो योनाथानाचा मध होय.

३. नियम न करणाऱ्याचा धनी कोण?

येथे कोणी म्हणेल, “मग नियम हवेतच कशाला? वाटेल तेव्हा खेळावे, पुरे झाले की ठेवावे.” रानातील मधाच्या बाबतीत हे चालले असते. पण आजचा मध रानातला नाही. तो माणसांनी मुद्दाम अशा रीतीने मांडलेला आहे की पुरे झाले असे वाटूच नये.

मोबाईलवरील अनेक खेळांची रचना जरा पाहा. रोज खेळ उघडला तर रोज बक्षीस. एक दिवस चुकला की साखळी तुटते. बक्षिसाच्या पेटीत काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून आणखी एक पेटी उघडावीशी वाटते. काही बक्षिसे थोड्याच दिवसांसाठी असतात, म्हणून घाई. आपण विसरलो तर तो खेळच घंटी वाजवून आपल्याला बोलावतो. तात्पर्य हे की, जो स्वतःसाठी नियम करीत नाही तो नियमाविना राहत नाही. तो दुसऱ्याने केलेल्या नियमांखाली जातो, आणि ते नियम करणाऱ्याला त्याच्या झोपेची, परीक्षेची किंवा आत्म्याची काळजी नसते. मनात आले म्हणून खेळलो असे त्याला वाटते. पण मनात आणणारा कोणी दुसराच असतो.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला नेमके हेच समजावले. ख्रिस्ती माणसाला पुष्कळ गोष्टींची मुभा आहे, हे तो नाकारीत नाही. पण त्याचा निर्धार असा की, कोणतीही गोष्ट आपल्यावर सत्ता चालवणार नाही. खेळ खेळण्यास हरकत नाही. खेळाने आपल्याला खेळवू नये.

हा धोका काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन : खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, तेही सहसा वर्षभर. खेळणारा प्रत्येकजण रोगी, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण आपल्याच बेळगाव जिल्ह्यात २०१९ साली मोबाईलच्या खेळावरून बापलेकांत पेटलेल्या भांडणाचा शेवट पित्याच्या हत्येत झाला, हे आपण विसरू नये. त्या घरासाठी आजही प्रार्थना करावी.

सरकारे आपापल्या परीने नियम करतात. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी या खेळावर बंदी घातली. २०२१ साली तसाच खेळ दुसऱ्या नावाने आला. २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा सांगण्यात आली. चीनने तर २०२१ साली मुलांसाठी ऑनलाईन खेळाला शुक्रवार, शनिवार आणि रविवारी रात्री एकेक तास एवढीच परवानगी ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांविरुद्ध कायदा केला. असे कायदे हवेत. त्यांनी कित्येक संसार वाचतील. पण दिवसाला ६ तासांची परवानगी मिळाली म्हणून ६ तास खेळणारा माणस मोकळा झाला काय? बाहेरचा नियम कुंपण घालू शकतो. मन घडवणे त्याच्या हातचे नाही.

४. दानीएलाचा निश्चय

मग नियम कसा असावा? बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या दानीएलाकडे पाहा. राजाच्या ताटातील अन्नाने विटाळावयाचे नाही, हे त्याने मनात आधी ठरवले. ताट पुढे आल्यावर विचार करू, असे तो म्हणाला नाही. त्याने तो नियम सगळ्या बाबेलवर लादला नाही. कारभाऱ्याशी उद्धटपणा न करता नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवसांची मुदत मागितली, म्हणजे पारख करून पाहता यावी. आधी केलेला, स्वतःपुरता, नम्र आणि पारखून पाहता येणारा, असा तो निश्चय होता. शौलाच्या शपथेत यातले काहीच नव्हते.

यिर्मयाच्या ३५ व्या अध्यायात रेखाब्यांचे घराणे आहे. द्राक्षारस पिऊ नये, घरे बांधू नयेत, द्राक्षमळे लावू नयेत, असा नियम त्यांच्या पूर्वजाने घालून दिला होता. यिर्मयाने मंदिरात त्यांच्यापुढे प्याले ठेवले, तरी ते डगमगले नाहीत. देवाने त्यांचे उदाहरण यहूदाच्या लोकांपुढे ठेवले आणि त्यांना लाजवले.

आपल्या भागातही असे एक उदाहरण आहे. सदलग्याचे नाव आज देशभर घेतले जाते ते जैन आचार्य विद्यासागर महाराज यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९४६ साली येथलाच. १९६८ मध्ये अजमेर येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्तीसगडातील डोंगरगड येथे देह ठेवला. पायी चालणे, दिवसातून एकदाच अन्न घेणे, आणि त्यातही मीठ व साखर वर्ज्य! उसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाने पन्नासहून अधिक वर्षे व्रते सांभाळली. तारणाविषयी आपला विश्वास वेगळा आहे, तो आपण लपवीत नाही. पण घेतलेला शब्द पाळणे म्हणजे काय, हे शेजाऱ्याच्या दारातून शिकण्यात कमीपणा नाही. अर्धा तास म्हणून दोन तास खेळणाऱ्या आपल्यासारख्यांना रेखाब्यांनी जे लाजवावे तेच हे उदाहरणही करते.

तथापि एक गोष्ट नीट ध्यानात असू द्या. नियम पाळल्याने तारण होत नाही. कलस्सैकरांस लिहिताना पौलाने बजावले आहे की, हे धरू नये, ते चाखू नये, अशा नियमांना धार्मिकतेचा डौल असतो, पण देहाच्या लालसेपुढे ते निर्बळ ठरतात. वेस्लींनीच हे अनुभवले. ऑक्सफर्ड येथे १७२९ पासून ते आणि त्यांचे सोबती इतक्या नियमांनी जगत की लोक थट्टेने त्यांना मेथडिस्ट म्हणू लागले. पण मनाला शांती नव्हती. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहान सभेत, जिथे ते फारशा इच्छेने गेलेही नव्हते, त्यांच्या हृदयाला ख्रिस्ताच्या कृपेची ऊब लागली. नियमांनी न मिळालेली शांती अवचित मिळाली! मग त्यांनी नियम टाकून दिले काय? नाही. १७४३ साली त्यांनी आपल्या मंडळ्यांसाठी नियम लिहून काढले. कृपा आधी, नियम मागून. तारण मिळावे म्हणून नव्हे, तर तारण मिळाले म्हणून.

५. नियम केव्हा सैल करावा?

आता त्या बुधवारच्या निरोपाकडे वळू. नियम करणाऱ्याने तो कधीच सैल करू नये काय? परूशी लोकांनी शब्बाथाविषयी हाच वाद घातला होता. विसाव्याचा नियम माणसाला जाचण्यासाठी नव्हे, तर त्याच्या भल्यासाठी दिला आहे, असे प्रभूने त्यांना उत्तर दिले.

समजा, रात्री जेवणानंतर खेळावयाचे नाही असा एका बापाचा नियम आहे. बंगळुरूला नोकरीस असलेला मुलगा दोन दिवसांच्या रजेवर घरी आला, आणि रात्री बापाच्या शेजारी बसून म्हणाला, “बाबा, हा नवीन खेळ बघा, आपण दोघे मिळून खेळू.” वर्षभर ज्याच्याशी दोन शब्द धड बोलणे झाले नाही तो मुलगा स्वतःहून जवळ आला आहे. अशा वेळी नियम पुढे करणारा बाप शौलाच्या पंक्तीला बसेल. त्याने खुशाल बसावे, हरावे, हसावे. सकाळी नियम पुन्हा आपल्या जागी यावा.

आणि तोच बाप दुसऱ्या रात्री, घर निजल्यावर, एकटाच तो खेळ उघडून बसला तर? हात तोच, खेळ तोच. पण गोष्ट निराळी. पहिल्या रात्री नियम प्रीतीपुढे झुकला. दुसऱ्या रात्री तो हावेपुढे मोडला. यातील फरक ओळखणे कठीण नाही. सवलत दुसऱ्यासाठी असते आणि ती उजेडात घेता येते. पळवाट स्वतःसाठी असते आणि ती लपवावी लागते.

बुधवारच्या निरोपालाही हीच कसोटी लावावी. मित्र एकटा पडला आहे, त्याला सोबत हवी आहे, तर गोष्ट वेगळी. आणि तशी सोबत खेळावाचूनही देता येते. पण केवळ नवलाई खुणावत असेल तर मित्राला प्रेमाने कळवावे, “शनिवारी बघतो.” खेळ चांगला असेल तर तो शनिवारीही चांगलाच असेल. शनिवारपर्यंत ज्याची गोडी उरत नाही, त्याच्यासाठी दिलेला शब्द मोडण्यात शहाणपण नव्हते, हे तेव्हा आपोआप कळेल.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. मुलांपुढे मोबाईलची निंदा करू नका. ती मुले ऐकून घेतात आणि विसरतात. त्यांना कबड्डीविषयी विचारा. दम सुटला तरी चालेल, रेषेबाहेर गेले तरी चालेल, असे केले तर खेळ कसा होईल? मुले लगेच सांगतील की, मग खेळच होणार नाही. नियमानेच खेळाला गंमत येते, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. मग प्रत्येकाला स्वतःसाठी एकच नियम स्वतःच्या हाताने लिहू द्या, दानीएलासारखा दहा दिवसांचा. तुम्हीही आपला लिहा आणि त्यांना दाखवा. दहा दिवसांनी सर्वांनी खरे काय झाले ते सांगावे. ज्याचा मोडला त्याला शिक्षा नको. पुन्हा दहा दिवस द्यावेत. आपला देवबाप आपल्याशी असाच वागत आला आहे.

प्रियजनहो, ज्याने योनाथानाच्या वाटेवर मध ठेवला तोच देव आपल्याला इंद्रियदमनही शिकवतो. आत्म्याच्या फळात आनंद आहे आणि इंद्रियदमनही आहे. दोन्ही एकाच वेलीला लागतात. एकासाठी दुसरे तोडू नका.

प्रार्थना : हे प्रेमळ बापा, तू दिलेल्या आनंदाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. पुरेसे किती, हे ओळखण्याची बुद्धी आम्हांला दे. आमच्या लेकरांवर आम्ही शौलाप्रमाणे ओझी लादू नयेत, आणि आम्ही स्वतःही कशाचे गुलाम होऊ नये, असे कर. आमच्या घरांतील डोळे तुझ्या प्रकाशाने उजळू देत. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.